सील किट बदलूनही बूम सिलिंडर गळतो आणि बूम खाली बसतो : जुन्या पोकलेनबाबत मार्गदर्शन हवे

मुरूमखाण, पन्हाळा रस्ता

नमस्कार. माझ्याकडे २० टनी वर्गातील जुने पोकलेन मशीन असून त्याचा मीटर १२,००० तासांच्या पुढे गेला आहे. काम बहुतांशी जांभा आणि मुरुमाचे, पन्हाळा व गगनबावडा भागात चालते. बूम (मशीनचा मुख्य हात) उचलणाऱ्या दोन सिलिंडरपैकी उजव्याच्या ग्लँडमधून (रॉड जिथून बाहेर येतो त्या सील बसवलेल्या तोंडातून) तेल झिरपू लागले म्हणून एका वर्कशॉपमध्ये नवे सील किट टाकून घेतले. काही दिवस रॉड कोरडा राहिला आणि पुन्हा तेल दिसू लागले. किट परत बदलले, तरी परिणाम तोच. शिवाय सकाळी मशीन थंड असताना बूम व्यवस्थित उभा राहतो, मात्र दुपारी तेल तापले की उचलून धरलेला बूम हळूहळू खाली बसतो. आता संपूर्ण सिलिंडरच नवा घ्यावा, असा सल्ला मिळाला आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे कसे ठरवावे?

फील्ड मेकॅनिक, गोकुळ शिरगाव

साहेब, सिलिंडरची खरेदी तूर्त थांबवावी. ग्लँडची गळती आणि बूम बसणे या दोन तक्रारी आपण एकच धरत आहात, पण त्या वेगवेगळ्या तपासाव्या लागतील. बूम उचलून धरलेला असतो तेव्हा वजन सिलिंडरच्या तळाकडील तेलावर असते. ग्लँड रॉडकडील बाजूस असतो. त्यामुळे केवळ ग्लँड गळतो म्हणून बूम खाली येत नाही. तो येतो याचा अर्थ पिस्टन सील पासिंग आहे (तेल पिस्टनच्या एका बाजूकडून दुसरीकडे निसटते), किंवा बूमचा होल्डिंग व्हॉल्व्ह (उचललेला बूम धरून ठेवणारा) अथवा कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल (तेलाची वाट बदलणारा आतला दांडा) तेल सोडत आहे. तेल तापले की पातळ होते, म्हणून सकाळी झाकलेला दोष दुपारी उघडा पडतो. तपासणीही तेल तापवूनच करावी.

पद्धत अशी. बूम पूर्ण वर, रॉड शेवटपर्यंत बाहेर. बूमला भक्कम आधार द्यावा, इंजिन बंद करून लाईनमधील व टाकीतील दाब सोडावा, आणि एका सिलिंडरचा फक्त रॉडकडील होज काढून त्या होजला प्लग मारावा. तळाकडील जोडणीला अजिबात हात लावू नये, कारण बूम तिच्यावरच उभा असतो. मग इंजिन पूर्ण वेगावर ठेवून बूम उचलण्याचाच लिव्हर रिलीफपर्यंत (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत) ओढावा, अर्धा मिनिट जाऊ द्यावा आणि पुढील एका मिनिटात सिलिंडरच्या उघड्या तोंडातून आलेले तेल मापात धरून मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावे. या चाचणीत बूम खाली घेण्याचा लिव्हर कोणीही ओढता कामा नये. दोन्ही सिलिंडर अशा रीतीने स्वतंत्र तपासावेत. दोन्ही कोरडे निघाले तर दोष व्हॉल्व्हकडे आहे.

दोन्ही बूम सिलिंडरच्या रॉडकडील लाईन एकमेकींना जोडलेल्या असतात. एकाचा पिस्टन सील पासिंग असला की नुसता बूम धरून ठेवतानाही दोघांच्या रॉडकडील बाजूस दाब चढतो आणि त्यातला कमकुवत ग्लँड आधी गळतो. म्हणून न गळणारा डावा सिलिंडर आधी तपासावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ग्राइंडिंगवाला, उद्यमनगर

किट टाकण्यापूर्वी रॉड कोणी पाहिला होता का? रॉड पुसून त्यावरून नख फिरवावे. नख कोठेही अडकले, तर त्या जागी नवे सील टिकणार नाही. आपल्या भागात मशीन पावसाळाभर उभी राहतात. रॉडचा जो भाग बाहेर असतो त्यावर पाणी बसते, क्रोमखालून गंज वर येतो आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. काही जण ते एमरी पेपरने रॉडच्या लांबीच्या दिशेने घासतात. हे कृपया करू नये, कारण उभ्या रेघांमधून तेलाला बाहेर पडायला थेट वाट मिळते. रॉड बाहेर काढल्यावर व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने वाकही तपासून घ्यावा. वाकलेला रॉड ग्लँडमधील बुश एका बाजूने खातो.

ऑपरेटर, गगनबावडा

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गळती शोधताना होजवरून किंवा जोडावरून हात फिरवू नका. या मशीनच्या मुख्य लाईनमध्ये ३०० बारच्या पुढे दाब असतो आणि सुईएवढ्या छिद्रातून आलेले तेल कातडीत घुसते. जखम किरकोळ दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून गळती पाहावी.

मुरूमखाण, पन्हाळा रस्ता

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. उजव्या सिलिंडरमधून थेंबभर तेल आले, डाव्यातून मात्र सतत धार लागली. उजव्या रॉडवर वीतभर पट्ट्यात बारीक खड्डे असून नख तेथे स्पष्ट अडकते. आता दोन्ही रॉड नवे घ्यावेत का?

फील्ड मेकॅनिक, गोकुळ शिरगाव

तशी गरज दिसत नाही. डावा सिलिंडर उघडून पिस्टन सील व वेअर रिंग (पिस्टनला बोअरवर घासू न देणाऱ्या) बदलाव्यात. मात्र त्याआधी बोअरमध्ये दिवा धरून उभे ओरखडे पाहावेत. हलके असतील तर होनिंगने (आतून बारीक घासून) जातात, खोल असतील तर ट्यूब बदलावी लागेल. उजवा रॉड सरळ असेल तर जुने क्रोम काढून, ग्राइंडिंग करून नव्याने हार्ड क्रोम आणि पॉलिश करून घ्यावे व शेवटी मूळ माप मायक्रोमीटरने पडताळावे. ऑईल कूलरच्या जाळीत मुरुमाची धूळ बसली असेल तर तीही हवेने साफ करावी. तेल वाजवीपेक्षा जास्त तापत राहिले तर नवी सीलही कडक होतात.

जोडणीनंतर इंजिन मंद ठेवून, रॉड शेवटपर्यंत न नेता, बूम अनेकदा सावकाश वरखाली करावा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. मग टाकीतील तेलाची पातळी पाहावी. दुपारी तेल तापल्यावर बूम उचलून इंजिन बंद करावे, खाली कोणालाही उभे राहू देऊ नये, आणि ग्लँडपासून रॉडवरील खुणेपर्यंतचे अंतर सुरुवातीस व ५ मिनिटांनी मोजावे. फरक मॅन्युअलमधील मर्यादेपेक्षा जास्त आला, तरच होल्डिंग व्हॉल्व्ह उघडावा.