अनुभव धागा: १९९०ची 'द फ्लॅश' पूर्ण पाहिलेल्यांनो, तुमचं मत काय?

अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर २० सप्टेंबर १९९० रोजी सुरू झालेली 'द फ्लॅश' ही कॉमिक्समधल्या अतिवेगवान नायकाची मालिका १८ मे १९९१ला संपली. एकच पर्व, पहिला लांब भाग धरून २२ भाग. बॅरी अ‍ॅलन (पोलिस प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ, तोच फ्लॅश) म्हणजे जॉन वेस्ली शिप, त्याची शास्त्रज्ञ साथीदार टीना मॅकगी म्हणजे अमांडा पेज, प्रयोगशाळेतला सहकारी हुलिओ मेंडेझ म्हणजे अ‍ॅलेक्स डेझर्ट. निर्माते डॅनी बिल्सन आणि पॉल डी मेओ.

या मालिकेबद्दल आजही सरळ दोन तट पडतात. एकाला ती काळाच्या पुढची वाटते, दुसऱ्याला रंगीत दिव्यांत चित्रित केलेली साधी पोलिसकथा. दोघांनीही लिहा. फक्त 'आवडली' किंवा 'कंटाळवाणी' लिहून जाऊ नका. भागाचं नाव द्या, काय जमलं, काय फसलं आणि का, ते सांगा.

कथाबीज

सुरुवात तक्रारीने करतो, कारण मालिकेचं खरं दुखणं पटकथेत आहे. पापणी लवायच्या आत रस्ता ओलांडणाऱ्या माणसासमोर पिस्तूलवाला गुंड उभा केला, तर मारामारी सुरू होण्याआधीच संपते. मग पाऊण तास भरायचा कसा? पहिल्या दहाएक भागांत टोळीवाले, भाडोत्री मारेकरी, संग्रहालयातले चोर अशीच मंडळी आहेत. त्यांना हरवायला फ्लॅश लागतच नाही, चार हवालदार पुरतील.

हे लेखकांनाही उमगलेलं दिसतं, म्हणून प्रत्येक भागात ते बॅरीचा वेग काहीतरी करून निकामी करतात. 'डबल व्हिजन'मध्ये त्याच्यावर दुसऱ्याचा ताबा, 'साइट अनसीन'मध्ये शत्रूच अदृश्य, 'फास्ट फॉरवर्ड'मध्ये तो दहा वर्षं पुढच्या काळात फेकला जातो. एकदा-दोनदा चालतं. दर आठवड्याला नायकाचं बलस्थान काढून घ्यायचं म्हटलं की प्रेक्षक ज्या गोष्टीसाठी बसलाय तीच मिळत नाही.

अपवाद एकच, 'बीट द क्लॉक'. निर्दोष माणसाच्या मृत्युदंडाला एक तास उरलाय आणि तेवढ्यात पुरावा आणायचाय. पाहुणी कलाकार अँजेला बॅसेट. इथे शत्रू घड्याळ आहे. बॅरी शहराच्या या टोकाहून त्या टोकाला क्षणात पोचतो, पण पोचल्यावर माणसाला बोलतं करायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. वेग आहे आणि तरी तो पुरत नाही. ही मालिका कशी व्हायला हवी होती ते या एका भागात दिसतं.

फ्रेम मोजणारी

कथेबद्दल सहमत, पण 'रंगीत दिव्यांतली पोलिसकथा' हे मान्य नाही. संगणकाची मदत जवळपास नसताना यांनी वेग पडद्यावर कसा आणला, ते नीट पाहायला हवं.

मूळ युक्ती जुनी आहे. चित्रपटाचा कॅमेरा सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रं, टिपतो. तोच १२वर चालवला आणि नंतर २४ने दाखवला की हालचाल दुप्पट वेगाने दिसते, ६वर चालवला तर चौपट. बॅरी घर आवरतो, ढीगभर जेवण संपवतो, प्रयोगशाळेत फायली चाळतो, ती दृश्यं या जातीची. पण त्यात तीन ठिकाणी घात होतो.

पहिला उजेडाचा. चौकटी निम्म्या केल्या की प्रत्येक चौकटीवर दुप्पट वेळ प्रकाश पडतो. भिंगाचं छिद्र एक टप्पा बारीक करायला विसरलं, तर चित्र एकदम पांढुरकं होतं.

दुसरा भोवतालचा. चौकटीत जे जे हलतं ते सगळंच वेगात दिसतं. पडदा, पंखा, मेणबत्तीची ज्योत, मागून जाणारी गाडी. म्हणून अशा दृश्यात मागची खोली मुद्दाम स्थिर ठेवावी लागते.

तिसरा सगळ्यात अवघड: एकाच चौकटीत एक माणूस नेहमीच्या गतीने आणि दुसरा भरधाव. त्यासाठी कॅमेरा जागेवर घट्ट बसवायचा, दोन वेळा चित्रण करायचं आणि दोन्हींचे अर्धे-अर्धे भाग जोडायचे. मधली अदृश्य रेघ कोणी ओलांडायची नाही. हात नव्हे, सावलीसुद्धा पलीकडे गेली की कापल्यासारखी दिसते. टीना बोलतेय आणि बॅरी शेजारी वस्तू इकडच्या तिकडे करतोय, अशा दृश्यात दोघांमधलं अंतर बघा. ते अंतर अभिनयातून आलेलं नाही, त्या रेघेसाठी आहे.

फ्लॅश धावताना मागे उमटणारा लाल पट्टा मात्र फिल्मवर नाही, व्हिडिओवर चढवलेला आहे. म्हणून पट्टा येतो त्या क्षणी चित्र किंचित मऊ पडतं. हा दोष नाही म्हणणार नाही, पण दर आठवड्याच्या मुदतीत दुसरा मार्ग नव्हता.

शिंपीकाम

पोशाखाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. रेखाटन 'रॉकेटिअर' कॉमिक्सवाल्या डेव्ह स्टीव्हन्सचं, घडण रॉबर्ट शॉर्टची. स्पँडेक्सच्या तंग कापडावर फोम लॅटेक्सचे स्नायू चिकटवलेले आहेत.

फोम लॅटेक्स म्हणजे द्रव लॅटेक्स फेटून त्याचा फेस करायचा, तो घट्ट होण्यासाठी द्रव्य घालायचं, साच्यात ओतायचं आणि मंद भट्टीत काही तास भाजायचं. निघतो तो स्पंज. हलका, लवचीक, कॅमेऱ्यावर मांसल दिसणारा. पण स्पंज म्हटल्यावर तो घाम पितो, आणि घाम प्यायला की जड होतो. काख, कोपर, गुडघ्याची मागची बाजू इथे सतत दुमडून कापड आणि फोम सुटायला लागतात. उष्णता आत कोंडते ती वेगळीच. त्यामुळे अशा पोशाखाचे एकाहून जास्त नग तयार ठेवावे लागतात.

ज्यांना हे स्नायू 'फुगवलेले' वाटतात त्यांचं म्हणणं मला कळतं. दिवसाच्या उजेडात ते तसे दिसतातच. म्हणून तर फ्लॅश बहुतेक रात्री, निळ्या-लाल प्रकाशात उभा असतो. बाजूने आलेला प्रकाश स्नायूंच्या खाचांत सावली भरतो आणि फोमचं अंग होतं. समोरून सपाट प्रकाश टाकला की तेच अंग गादीसारखं दिसतं.

कथेतही पोशाखाला कारण दिलंय हे मला फार आवडतं. वेगात साधे कपडे चिंध्या होतात, म्हणून टीना आपल्या स्टार लॅब्स या संशोधनसंस्थेतला सोव्हिएत बनावटीचा खोल समुद्रातल्या पाणबुड्याचा नमुना-पोशाख काढून देते. दाब आणि घर्षण सोसणारा. दोन वाक्यांत प्रश्न मिटतो.

कथाबीज

@शिंपीकाम, रात्रीचा मुद्दा पटला, पण नेमकी तिथेच माझी दुसरी तक्रार. १९८९च्या 'बॅटमॅन' चित्रपटाच्या यशानंतर आलेली ही मालिका, तसाच अंधार, तेच शीर्षकसंगीताचे डॅनी एल्फमन. फ्लॅश हा कॉमिक्समध्ये भर दिवसाचा, हसरा नायक आहे. त्याला दुसऱ्याची गल्ली दिली.

तिसरी घंटा

गल्ली उसनी असेल, शहर उसनं नाही. बर्बँकच्या वॉर्नर ब्रदर्सच्या आवारातले तेच ते रस्ते, पण भिंतींवर मोठी चित्रं रंगवून, निऑन लावून आणि जुन्या धाटणीच्या गाड्या उभ्या करून मालिकेतलं सेंट्रल सिटी शहर असं केलंय की साल कोणतं ते सांगता येत नाही. त्यामुळेच १९५५मध्ये गोठवून घेतलेला खलनायक १९९०मध्ये जागा होतो तो 'घोस्ट इन द मशीन' भाग खपून जातो. ५०च्या दशकातला मुखवटाधारी नायक नाइटशेड आणि फ्लॅश एकाच चौकटीत उभे राहिले तरी दोघंही त्याच शहरातले वाटतात.

संगीताबद्दल: शीर्षकधून एल्फमनची, पण भागागणिक संगीत शर्ली वॉकर यांचं. 'बॅटमॅन'च्या वाद्यवृंदाचं संचालन त्यांनीच केलं होतं, आणि १९९२च्या बॅटमॅन अ‍ॅनिमेशन मालिकेचं संगीतही पुढे त्यांच्याकडे आलं. डोळे मिटून 'द ट्रिकस्टर' ऐका. खलनायकाला सर्कशीची चाल, बॅरीला पितळी वाद्यांची. दृश्य कोणाच्या हातात आहे ते आधी कानाला कळतं.

वेळापत्रक

बंद का पडली यावर सगळे कथा-पोशाख धरून बसलेत. गुरुवारी रात्री ८ला समोर काय होतं ते पाहा: एनबीसीवर 'द कॉस्बी शो' आणि फॉक्सने त्याच हंगामात गुरुवारी आणलेली 'द सिम्पसन्स'. लहान मुलं एकीकडे, कुटुंबं दुसरीकडे. मग मालिका साडेआठला सरकवली, पुढे शनिवारी नेली. जानेवारी १९९१मध्ये आखाती युद्धाच्या बातम्यांनी वेळापत्रक विस्कटलं. दर आठवड्याला कधी लागेल हे न कळणाऱ्या मालिकेला प्रेक्षक धरून ठेवणं अशक्य.

दुसरीकडे खर्च. एका भागाला सुमारे १६ लाख डॉलर, पहिल्या लांब भागाला सुमारे ६० लाख. त्या काळच्या सर्वांत महागड्या मालिकांपैकी एक. तेवढ्याच प्रेक्षकसंख्येवर स्वस्त मालिका तगली असती, ही तगणं कठीण होतं.

फ्रेम मोजणारी

हे बरोबर. आणि दुर्दैव असं की रूळ सापडला तेव्हाच गाडी थांबली. कॉमिक्समधले खरे शत्रू उत्तरार्धात येतात: ट्रिकस्टर, कॅप्टन कोल्ड, डेव्हिड कॅसिडीने केलेला मिरर मास्टर. बर्फाची बंदूक आणि आरशातले भास वेगाशी थेट भिडतात, कथाबीज म्हणतात तसं बॅरीला पांगळं करावं लागत नाही.

मार्क हॅमिलचा ट्रिकस्टर तर स्वतंत्र विषय आहे. तो आवाज एका वाक्यात तीनदा बदलतो: लाडीगोडी, किंकाळी, कुजबुज. १९९२पासून अ‍ॅनिमेशनमधल्या जोकरला त्याने जो आवाज दिला, त्याची तालीम इथे ऐकू येते. शेवटचा भाग 'द ट्रायल ऑफ द ट्रिकस्टर' पाहून कोणी ही मालिका थकली होती म्हणू नये.

कथाबीज

ट्रिकस्टरबद्दल वाद नाही. पण 'बी माय बेबी'सारखा भागही उत्तरार्धातलाच. बॅरी बाळ सांभाळतो, आणि वेग फक्त त्या गमतीपुरता उरतो.

जुनी पट्टी

नव्याने पाहणाऱ्यांसाठी कामाचं. जानेवारी २००६चा सहा डिस्कचा डीव्हीडी संच विभाग १चा (उत्तर अमेरिकेसाठीचा) आहे, भारतातल्या विभाग ५च्या प्लेअरवर तो चालत नाही. सर्व विभाग वाचणारा प्लेअर हवा.

चित्र ४:३ आहे. टीव्हीवर ताणून १६:९ करू नका. ताणलं की शिपचे खांदे आणखी रुंद होतात, आणि 'फुगवलेला पोशाख' ही निम्मी तक्रार तिथूनच येते. शार्पनेस खाली आणा, नाहीतर लाल पट्ट्याच्या कडेला पांढरी रेघ उमटते. रंगाची तीव्रताही थोडी कमी ठेवा. एनटीएससी या अमेरिकन टीव्ही-चित्रपद्धतीत रंगाचा तपशील मुळात कमी असतो आणि लाल सर्वांत आधी बाहेर सांडतो. धावण्याच्या दृश्यात कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या, तर प्लेअरमध्ये प्रोग्रेसिव्हची (पूर्ण चौकट एकदम दाखवण्याची) सोय चालू करून पाहा.

क्रम: पहिला लांब भाग, मग थेट 'घोस्ट इन द मशीन', 'बीट द क्लॉक', 'द ट्रिकस्टर', 'डेडली नाइटशेड', 'कॅप्टन कोल्ड', शेवटी 'द ट्रायल ऑफ द ट्रिकस्टर'. 'घोस्ट' आधी आणि 'नाइटशेड' नंतर, हा क्रम मोडू नका, कारण म्हातारा नाइटशेड पहिल्यांदा 'घोस्ट'मध्ये भेटतो.

तिसरी घंटा

या यादीत शेवटी एक भर: नव्या सुपरहिरो मालिकांच्या २०१९च्या एकत्रित कथेचा, 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'चा, तिसरा भाग. शिप त्यात हाच बॅरी म्हणून येतो, नव्या मालिकेतल्या धाकट्या फ्लॅशच्या जागी स्वतः धावायला उभा राहतो आणि धावता धावता संपतो. मध्येच १९९०च्या मालिकेतलं बॅरी आणि टीनाचं दृश्य दिसतं. तो भाग आधी पाहू नका. २२ भागांनंतर पाहा.