कंबर तलाव: जलपर्णी काढण्याआधी पाणी तपासा

सोलापूरच्या कंबर तलावातली जलपर्णी विद्यापीठाने वर्षातून एकदा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावी, अशी एक सूचना आहे. हेतू चांगला आहे, पण सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस येत राहिला तर उरलेल्या रोपांतून ती काही आठवड्यांत पुन्हा पसरते, आणि गाळातलं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं.

विद्यापीठाचं खरं बळ प्रयोगशाळा आणि दरवर्षी येणारे नवे विद्यार्थी. कंबर तलाव, सिद्धेश्वर तलाव आणि हिप्परगा तलावावर दरमहा ठरलेल्या जागीच नमुने घ्या: नाला मिळतो तिथे, मध्यभागी, सांडव्याजवळ. विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयाआधी मोजायलाच हवा. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं, आकडा छान दिसतो. मासे मात्र पहाटे गुदमरतात.

ऑक्सिजनच्या नमुन्यासाठी ३०० मिलीची बीओडी बाटली (घट्ट काचेच्या बुचाची) पाण्याखालीच भरा, बुडबुडा राहू देऊ नका. मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी २ मिली काठावरच घाला; ही रसायनं ऑक्सिजन जागीच पकडून ठेवतात. प्रयोगशाळेत नेईपर्यंत थांबलात तर जिवाणू ऑक्सिजन खाऊन टाकतात. ४ मिग्रॅ/लिटरच्या खाली ऑक्सिजनचा आकडा वारंवार जात असेल, तर नाल्याच्या वरच्या अंगाला सांडपाणी कुठून शिरतं ते शोधायला लागा.

फॉस्फेट मोजायच्या नमुन्यांच्या बाटल्या डिटर्जंटने धुऊ नका, त्यातलाच फॉस्फेट नमुन्यात उतरतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मग डिस्टिल्ड पाणी वापरा.

आणि काढलेली जलपर्णी काठावर रचू नका. कुजली की तिचा रस पहिल्याच पावसात परत तळ्यात जातो.