ओलं लाकूड आणि सांध्यातल्या खुंट्या

कुणीतरी विचारलंय की घराच्या लाकडी सांगाड्यात (खांब-तुळयांच्या चौकटीत) ओलं लाकूड वापरलं तर सुकल्यावर सांधे सैल नाही का होणार. रास्त शंका आहे, पण जुन्या युरोपीय पद्धतीत ओक (तिकडचं एक कठीण लाकूड) बहुतेक ओलाच वापरायचे, कारण ओला ओक कापायला, तासायला खूप सोपा, सुकला की दगडासारखा होतो. खरी गंमत खुंटीत, म्हणजे सांध्यातून आरपार ठोकलेल्या लाकडी मेखेत आहे. खुंटी मात्र सुकलेल्या लाकडाची, तीही करवतीने न कापता रेषेच्या दिशेने फोडून काढलेली, म्हणजे तंतू अखंड राहतात आणि ती ठोकताना तुटत नाही. शिवाय कुशीतलं (एका लाकडाच्या टोकाची, दुसऱ्याच्या खाचेत बसणारी जीभ) भोक खाचेच्या भोकापेक्षा मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कूस जिथून सुरू होते त्या बाजूला, सरकवून पाडतात, त्यामुळे खुंटी आत जाताना थोडी वाकते आणि सांधा घट्ट ओढून धरते, पुढे लाकूड आकसलं तरी ती ओढ बरीचशी टिकते. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, रुंदीत आकसतं, म्हणून खांबांना लांब चिरा पडतात, त्या बघून लगेच घाबरू नका प्लीज.

लोखंडी खिळे ओकमध्ये नकोतच, ओकमधल्या टॅनिन या तुरट आम्ल द्रव्यामुळे लोखंड गंजतं आणि लाकूड काळं पडतं.

आणि दुरुस्तीत लाकडातल्या चिरा किंवा खांबांमधल्या भिंती सिमेंटने अजिबात बुजवू नका, पाणी आत अडकतं, लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी लागून ते कुजायला लागतं. चुन्याचा गिलावाच करा, तो ओलावा बाहेर जाऊ देतो.