मदत हवी आहे: दिवेलागणीला अंगणातला दिवा सारखा उघडझाप करतोय

गडग्याकडची_वाट:
गावी (राजापूर तालुका) आई-बाबा दोघंच असतात. अंगणातला दिवा आपोआप लागावा म्हणून गणपतीत सेन्सर बसवून आलो. आता आई सांगते, तिन्हीसांजेला दिवा लागतो, विझतो, परत लागतो, रात्रभर तेच. बल्ब बदलला, सेन्सरही दुसरा आणला. मी पुण्यात असतो, शनिवारी एकच दिवस जाणार आहे. काय बदलू ते लवकर सांगा.

वायरमन_७२:
बल्ब कुठला, किती वॉटचा? सेन्सरला तारा किती? बसवलाय कुठे?

गडग्याकडची_वाट:
एलईडी, ९ वॉट. तीन तारा. बाहेर, पडवीच्या खांबावर.

निवांत_निवृत्त:
सेन्सर काढून टाका, टायमर लावा. आमच्याकडे सहा वर्षं बिनतक्रार चालू आहे.

आंबेमोहर:
कोकणात टायमर? पावसात लाईट गेली की चाकाचा टायमर तेवढाच मागे पडतो. शिवाय जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. दर दोन महिन्यांनी स्टुलावर चढून वेळ कोण बदलणार, त्यांचे बाबा?

निवांत_निवृत्त:
बॅटरीवाला डिजिटल टायमर मिळतो, लाईट गेली तरी त्याचं घड्याळ थांबत नाही. माहिती घेऊन बोलावं.

हिशेबी:
९ वॉटचा दिवा रोज १२ तास जळला तर महिन्याला सव्वातीन युनिट होतात. बिल फार वाढणार नाही.

गडग्याकडची_वाट:
बिलाचं मी विचारलंच नाहीये. दिवा का विझतो ते सांगा ना कुणीतरी.

वायरमन_७२:
दिवाही त्याच खांबावर आहे का?

गडग्याकडची_वाट:
हो. दिवा वर, सेन्सर वीतभर खाली. वायर तेवढीच पुरली.

वायरमन_७२:
हे आधी सांगायचं. सेन्सर बिघडलेला नाही. अंधार पडला की आतल्या एलडीआरचा (उजेड ओळखणारा भाग) रोध वाढतो आणि दिवा लागतो. लागलेल्या दिव्याचा उजेड त्याच सेन्सरवर पडतो, त्याला वाटतं उजाडलं, तो दिवा बंद करतो. परत अंधार, परत चालू. दहा सेन्सर बदललेत तरी हेच होणार. खात्री करायची तर बाबांना मेन स्विच बंद करून सेन्सरवर काळी चिकटपट्टी गुंडाळायला सांगा, मग मेन चालू करा. दिवा न विझता राहिला तर दोष जागेचाच.

आंबेमोहर:
+१. नुसता लांब नेऊन भागत नाही. आमच्याकडे समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून उजेड परतून सेन्सरवर यायचा. शेवटी दिव्याकडे पाठ आणि तोंड मोकळ्या आभाळाकडे असा बसवला. पागोळ्यांखालीही नको, पाणी शिरतं.

रानवाटा:
रात्रभर दिवा हवाच आहे का? आमच्या गावात मिरगाच्या आधी झाडं काजव्यांनी भरायची, वाडीत दिवे वाढले तसे काजवे कमी झालेले मी पाहिलेत. निदान दिव्याला वरून टोपी घाला, उजेड पायवाटेवरच पडू दे.

निवांत_निवृत्त:
टायमर असता तर अकराला बंद करता आला असता.

गडग्याकडची_वाट:
बाबांनी आत्ता पट्टी लावून बघितली. वीस मिनिटं झाली, दिवा एकदाही विझला नाही! वायरमनदादा, खूप आभार. शनिवारी सेन्सर परसाकडच्या भिंतीवर नेतो. पाच मीटर वायर लागेल, किती जाडीची घेऊ? रानवाटा, टोपीचं पटलं. बाबा रात्री उठून न्हाणीघराकडे जातात, त्यामुळे दिवा रात्रभर हवाच आहे, पण उजेड तेवढ्या वाटेपुरता पुरेल.

वायरमन_७२:
१ चौरस मिलिमीटर, तांब्याची. बाहेरून नेताय तर पाइपातून न्या. आणि मेन बंद केल्याशिवाय हात लावू नका.