१०जी नेटवर्क कार्ड तीन जीबीपीएसलाच अडकतंय, सर्व्हर महापेला आणि मी ठाण्यात, घरबसल्या कसं शोधायचं?

घोडबंदरकर
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. आमचा बॅकअप सर्व्हर महापेला एका डेटा सेंटरमध्ये आहे, २यू बॉक्स, उबंटू, त्यात इंटेलचं एक्स५२० दोन पोर्टवालं कार्ड रायझरवर (मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्ड आडवं बसवायची उभी पट्टी) बसवलेलं. मध्ये त्यांनी रॅक बदलला आणि तेव्हापासून रात्रीचा बॅकअप सकाळी ऑफिस उघडलं तरी चालूच. आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजायचं टूल) लावून बघितलं तर तीन-सव्वातीन जीबीपीएसच्या (सेकंदाला गिगाबिट) वर काटा हलत नाही, आधी नऊच्या वर आरामात जायचं. इथटूल (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) मात्र छातीठोकपणे सांगतंय की स्पीड १००००, म्हणजे पूर्ण १०जी, लिंक डिटेक्टेड येस. स्विचवाला म्हणतो आमच्याकडे सगळं हिरवं आहे.
रिमोट हँड्सचे, म्हणजे डेटा सेंटरच्या पोराकडून काम करून घ्यायचे, तासावर पैसे लागतात आणि आमचे साहेब म्हणतात जाऊन ये की, ठाण्याहून महापे ते काय लांब, त्यांनी पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखालचं पाणी बघितलेलं नाहीये. कार्ड गेलंय, केबल गेलीये की अजून काही, हे इथूनच कमांड मारून कळेल का? रूट आहे, आयपीएमआय (सर्व्हर लांबून हाताळायची वेगळी वाट) पण आहे.

रबाळे_लोकल
आधी एसएफपी (फायबर जोडायचं मॉड्यूल) आणि फायबर बघ. इथटूल डॅश एम मारलं की मॉड्यूलची रिसीव्ह पॉवर डीबीएममध्ये दिसते, ती खूप खाली गेली असेल तर फायबर मळलंय किंवा वाकलंय. आणि इथटूल डॅश कॅपिटल एस मध्ये सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पॅकेटं) वाढताहेत का बघ. रॅक हलवताना नव्वद टक्के वेळा केबलच चिमटते.

घोडबंदरकर
बघितलं भावा. रिसीव्ह पॉवर उणे २.६ डीबीएम, सीआरसी शून्य, दुसऱ्या पोर्टला लावलं तरी तेच.

नाईटशिफ्टवाली
केबल सोड मग. फायबरचा दोष असता तर एरर आले असते, स्पीड वरखाली झाला असता, असा एकाच आकड्यावर टेकून बसला नसता. तो आकडाच सगळं सांगतोय. एक्स५२० हे पीसीआयई (कार्ड आणि मदरबोर्डमधला रस्ता) जेन २ चं एक्स८, म्हणजे आठ लेनचं कार्ड, एका लेनला ५ जीटी (सेकंदाला अब्ज ट्रान्सफर), त्यातलं ८बी/१०बी एन्कोडिंग वजा केलं की उरतात ४ जीबीपीएस. पॅकेटांचे हेडर वगैरे जाऊन हातात तीन-सव्वातीनच पडतात. तुझं कार्ड आठातल्या एकाच लेनवर चाललंय असं वाटतंय. इथटूलला हे कळणार नाही, त्याला कार्ड ते स्विच दिसतं, कार्ड ते मदरबोर्ड नाही.
सुडो लावून एलएसपीसीआय डॅश डबल व्ही मार. सुडो विसरलास तर कॅपॅबिलिटीजपुढे ॲक्सेस डिनाइड येईल आणि तू म्हणशील काही दिसतच नाही. त्यात एलएनकेकॅप म्हणजे कार्डाची ऐपत आणि एलएनकेएसटीए म्हणजे सध्या मिळतंय ते, दोन्ही टाक. नुसत्या कार्डाचं नको, वरच्या रूट पोर्टचं, म्हणजे मदरबोर्डकडच्या टोकाचं पण, तो कुठला ते एलएसपीसीआय डॅश टीव्हीच्या झाडात दिसेल. आणि डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) अव्हेलेबल पीसीआयई बँडविड्थ शोध, २०१८ नंतरचा कर्नल असेल तर ड्रायव्हर स्वतःच रडलेला असतो.

घोडबंदरकर
आई शप्पथ! कार्डाचं एलएनकेकॅप स्पीड ५जीटी, विड्थ एक्स८. एलएनकेएसटीए स्पीड ५जीटी, विड्थ एक्स१ आणि पुढे डाउनग्रेडेड. रूट पोर्टचं कॅप ८जीटी एक्स८, स्टेटस तिथे पण ५जीटी एक्स१. डीमेसेजमध्ये सरळ लिहिलंय, ४.००० गिगाबिट/एस उपलब्ध, एक्स१ लिंकमुळे लिमिटेड, क्षमता ३२.००० गिगाबिट/एस. एवढे दिवस लॉगमध्ये पडून होतं हे.
एक विचारायचं होतं, रूट पोर्ट पण ८ वरून ५ ला आलाय, तो पण दोष का?

नाईटशिफ्टवाली
नाही, तो स्पीड बरोबरच आहे, कार्डच जेन २ चं म्हटल्यावर पोर्ट खाली उतरणारच. जीपीयूवाले पण इथे उगाच घाबरतात, रिकामा असला की जीपीयू वीज वाचवायला २.५जीटीवर येतो, काम दिलं की परत चढतो. तुझ्या केसमध्ये खुपणारी गोष्ट एकच, विड्थ. रूट पोर्टचं कॅप एक्स८ म्हणजे बायोसमध्ये बायफर्केशनने (एका स्लॉटच्या लेन वाटून देणारी सेटिंग) स्लॉट तोडलेला नाहीये, तेही बाद.

जुना_हार्डवेअरवाला
एवढा अभ्यास कशाला, जुनं कार्ड आहे, दुसरं मागवा आणि लावा. लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड मिळतं.

नाईटशिफ्टवाली
काका, नवं कार्ड त्याच वाकड्या रायझरमध्ये गेलं तर ते पण एक्स१ वरच येईल, मग काय करायचं? कार्डात ब्रॅकेटच्या बाजूला आधी पॉवरच्या पिना, मग खाच, मग लेन ०, आणि पुढच्या लेन शेपटाकडे. ब्रॅकेटचा स्क्रू जास्त आवळला किंवा ट्रॉलीवर धक्का बसला की शेपूट एखाद मिलीमीटर वर उचललं जातं, लेन ० टेकलेली राहते म्हणून लिंक येते, बाकीच्या सुटतात. रॅक हलवल्यावरच सुरू झालंय, म्हणून माझा पहिला संशय बसवण्यावर, दुसरा रायझरवर, कार्ड तिसरं.

रबाळे_लोकल
मग सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंग फाइली) कार्ड रिमूव्ह करून रीस्कॅन केलं तर?

नाईटशिफ्टवाली
त्याने फक्त कर्नल परत मोजदाद करतो, लेन नव्याने जुळत नाहीत. शिवाय त्याच कार्डावरून एसएसएच असेल तर बसलेली फांदी तोडशील. एक साधा रीबूट मारून बघायला हरकत नाही, पण आयपीएमआयवरून सोल कन्सोल (नेटवर्कवरून दिसणारी सर्व्हरची सिरियल स्क्रीन) उघडून, म्हणजे नाही आला वर तर निदान कुठे अडकला ते दिसेल. तरी एक्स१ च आला की हात लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

घोडबंदरकर
रीबूट मारला, एक्स१ च. तिकीट टाकतोय मग, काय लिहू?

नाईटशिफ्टवाली
नुसतं कार्ड चेक करा लिहिलंस तर लाईट लागतोय म्हणून तिकीट बंद करतील. डीएमआयडीकोड डॅश टी स्लॉट मार, त्यात बस ॲड्रेसवरून स्लॉटचं नाव मिळतं, ते लिही. आधी इथटूल डॅश पी लावून पोर्टचा दिवा लुकलुकवत ठेव म्हणजे पोरगा भलत्याच सर्व्हरची केबल उपटणार नाही. मग लिही की सर्व्हर बंद करा, पॉवरच्या दोन्ही वायरी काढा, रायझरसकट कार्ड बाहेर काढून सोनेरी पट्टी पुसा, परत बसवताना शेपटावर बोट दाबून ठेवून मग स्क्रू आवळा. झाकण लावायच्या आधी तुला फोन करायला सांग, तू सोलवरून विड्थ बघ. एक्स८ आलं तर विषय संपला, नाही आलं तर त्याच वेळी रायझरच्या दुसऱ्या स्लॉटला लावून घे. तिकडे एक्स८ दिसलं तर आधीचा स्लॉट गेलाय, तिकडे पण एक्स१ असेल तर मग काकांचं ऐक आणि कार्ड मागव.