चार वर्षांच्या मुलांना मांजर काढायला कसे शिकवावे?

प्रश्न: मी बालवाडीत शिकवते. फळ्यावर मांजर काढून दाखवले की मुले ते पाहून पाहून उतरवू लागतात आणि कान डोक्याला जुळले नाहीत की पाटी पुढे करून "बाई, तुम्हीच काढून द्या" म्हणतात. यावर काय करावे?

उत्तर १: अडचण बहुधा कानांतच आहे. गोल साधारण ३ वर्षांच्या मुलाला जमतो, चौकोन ४ च्या सुमारास, त्रिकोणाच्या तिरप्या रेघा मात्र बहुतेकांना ५ च्या आसपासच साधतात. म्हणून पाठमोरे बसलेले मांजर घ्यावे: खाली मोठा गोल, वर लहान गोल, एक शेपटी आणि कानांच्या जागी दोन उभ्या रेघा; डोळे-नाकाचा प्रश्नच उरत नाही.

उत्तर २: कृती योग्य आहे, पण खडू हातात देण्याआधी शेपटी कुठून निघते, बसल्यावर पाय दिसतात का, हे मुलांनाच विचारावे. माझ्या नातवाने म्हशीला पाच पाय काढले होते. मी एक पुसणार, तोच त्याने सांगितले की ते जमिनीला टेकलेले शेपूट आहे. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय काहीही पुसत नाही.

प्रश्नकर्ती: आज करून पाहिले. कान बहुतेकांचे जुळले. एकाने पाठमोऱ्या मांजरालाही लांब मिशा काढल्या, मी कारण विचारले, तर म्हणाला, "बाई, आमच्या मनीच्या मागूनपण दिसतात."