अनशापोटी चमचाभर मोहरी गिळणाऱ्यांसाठी (आणि गिळायला लावणाऱ्यांसाठी)

घंटाळीकर
ठाण्यातल्या खाद्यप्रेमींच्या ग्रुपवर काल एक पोस्ट आली आणि बघता बघता सगळीकडे फिरली. मथितार्थ असा: रोज अनशापोटी एक चमचा अख्खी मोहरी कोमट पाण्याबरोबर गिळा. चरबी वितळते, सांधे मोकळे होतात, थायरॉइड ताळ्यावर येतं. वर पुस्ती जोडलीय की फोडणीतूनही हेच गुण रोज पोटात जातात, म्हणून आपले पूर्वज ठणठणीत होते. तिथे खाली नुसते जोडलेले हात आणि अंगठे दिसले, म्हणून उत्तर इथे.

मोहरीचा झणका दाण्यात तयार बसलेला नसतो. सिनिग्रिन हे द्रव्य एकीकडे असतं, मायरोसिनेज हे एन्झाइम दुसरीकडे. दाणा फुटून पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि नाकात चढणारं ॲलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं. न फोडता गिळलेला दाणा बराचसा जसा गेला तसाच बाहेर पडतो. आणि फोडणीत तर एन्झाइम तेलात पडल्या पडल्या मरतं. मग फोडणीतल्या मोहरीतून 'तेच गुण' कुठून येणार? तिथे ती नुसती शोभेला.

थायरॉइडचं तर उलटंच आहे. मोहरी-कोबीच्या कुळातली ही द्रव्यं अती झाली आणि शरीरात आयोडीन कमी असलं, तर ती थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात. फोडणीपुरत्या मोहरीने काही होत नाही, पण ज्याला गोळी चालू आहे त्याला 'रोज चमचाभर' सांगणं हा निव्वळ आगाऊपणा.

काढेवाले वाशी
पुस्तकी ज्ञान झालं का पाजळून? मोहरी उष्ण, तीक्ष्ण, कफ-वात कमी करणारी, हे एन्झाइमचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. छाती भरली की मोहरीचं पोटीस लावतात ते काय उगाच? आणि न फुटलेलं सिनिग्रिन वाया जातं म्हणता, तर मोठ्या आतड्यातले जीवाणू त्याचं थोडंफार आयसोथायोसायनेट करतात हे का लपवलंत?

घंटाळीकर
लपवलं नाही. 'थोडंफार' या शब्दावर तुम्हीच बोट ठेवलंत, आभारी आहे. पण जीवाणूंच्या हाती लागायलाही दाणा फुटावा लागतो. चावून खा म्हणालात तर मी गप्प बसेन. एक चमचा कच्ची मोहरी चावणारा माणूस दुसऱ्या दिवशी ते करत नाही, म्हणूनच पोस्टीत 'गिळा' लिहिलंय.

पोटीस माझ्याच बाजूचं आहे. ते लागू पडतं कारण मोहरी कुटलेली असते आणि ओली केलेली असते. एक भाग मोहरीचं पीठ, चार ते सहा भाग कणीक, कोमट पाण्यात कालवून दोन पदरी सुती कापडात. कालवायला उकळतं पाणी घेतलं की एन्झाइम मरतं आणि छातीवर राहते नुसती गरम कणीक. कातडीवर थेट लावायचं नाही, दर पाच मिनिटांनी कापड उचलून बघायचं, दहा-पंधरा मिनिटांत काढायचं. कातडी लाल झाली की पुरे. 'जास्त वेळ ठेवलं तर जास्त गुण' म्हणून झोपी गेलेल्या माणसाला फोड येतात, कारण हे द्रव्य कातडी भाजतं. लहान मुलांना तर नकोच. शिवाय त्याने कफ सुटतो असं नाही. वरची आग आतल्या दुखण्यावरून लक्ष हटवते, इतकंच.

कोपरी कॉर्नर
बाकी तुमचं चालू द्या, पण फोडणीतली मोहरी 'नुसती शोभेला'? असं बोलणाऱ्याच्या घरी फोडणी कशी होत असेल ते कळलं. झणका जातो हे बरोबर. त्याच्या जागी भाजल्याचा खमंगपणा येतो, तो तेलात उतरतो आणि तेलाबरोबर अख्ख्या वरणाला लागतो.

बहुतेक घरांत हे होत नाही कारण तेल तापायच्या आत मोहरी पडते. मग ती तळाशी बसते, तडतडत नाही, दाताखाली कडू लागते आणि दोष मोहरीला. दोन दाणे टाकून बघायचे, लगेच उडले तर बाकीची घालायची. चार माणसांच्या वरणाला मोठा चमचाभर तेल आणि पाव ते अर्धा चहाचा चमचा मोहरी पुष्कळ. झाकण अर्धं धरायचं, तडतड ओसरायला लागली की जिरं, मग हिंग, कढीपत्ता. गॅस बंद करून हळद-तिखट. तडतड पूर्ण थांबेपर्यंत वाट बघणाऱ्याची मोहरी काळी कोळसा होते आणि तोही कडवटपणाच, फक्त दुसऱ्या जातीचा. पावसाळ्यात सादळलेली मोहरी फुटण्याऐवजी तेल उडवते. कोरड्या कढईत मिनिटभर गरम करून थंड करून डब्यात भरा.

घंटाळीकर
बरं बाई, शोभेला आणि वासाला. आरोग्याला नाही, एवढं तरी राहू द्या.

नेरूळची बरणी
घंटाळीकरांचं खरं असल्याचा पुरावा दर मे महिन्यात बरण्यांत दिसतो. कैरीच्या लोणच्यावर तेल गरम असताना ओतलं की मोहरीची डाळ शिजते, लोणच्याला झणका येतच नाही आणि मग 'यंदा डाळच जुनी होती' म्हणून वाण्याच्या नावाने खडे. किलोभर कैरीच्या फोडींना १०० ग्रॅम मोहरीची डाळ, २०० ग्रॅम मीठ, ७५ ग्रॅम तिखट, २५ ग्रॅम हळद, २० ग्रॅम तळून कुटलेली मेथी, १५ ग्रॅम हिंग. तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करायचं. भांड्याला हात लावून कोमट लागलं तरी थांबायचं. मोहरीची डाळ भाजायची नाही. ती कैरीच्या सुटलेल्या पाण्यात भिजते तेव्हा झणका धरते आणि तोच झणका बुरशीलाही रोखतो.

कोशिंबिरीला मोहरी फेसताना मात्र पाणी आधी, लिंबू मागाहून. उलटं केलं तर फेसून हात दुखतील, नाकाला काही कळणार नाही.

खोपटकर
इथपर्यंत छान चाललं होतं ताई. मोहरी लिंबाच्या रसात फेसायची. मिरचीचं लोणचं करणारी कुठलीही बाई विचारा. पाणी घातलेलं लोणचं टिकतं का?

नेरूळची बरणी
मी कोशिंबीर म्हटलं, तुम्ही लोणचं वाचलंत. आंबटपणा एन्झाइमला मारक असतो. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच, त्यात ते जेमतेम काम करतं. दोन काकड्यांना चहाचा एक चमचा डाळ घ्या, कोरडी बारीक करा, दोन चमचे गार पाणी घालून खलात रगडा. रंग फिका होऊन फेस धरायला लागला की दहा मिनिटं झाकून ठेवा. झाकण काढल्यावर डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मग मीठ, साखर, लिंबू, आणि दही अगदी शेवटी.

खोपटकर
लिंबाच्या रसात नव्वद टक्के पाणीच असतं, तेव्हा 'पाणी' मिळत नाही हा मुद्दा बाद. आणि क जीवनसत्त्व मायरोसिनेजला उलट चेतवतं, हे तुमच्याच विज्ञानाने सांगितलंय. आता बोला.

घंटाळीकर
चेतवतं, पण आम्लता सोसवेल इतकी असेल तेव्हा. चिमूटभर क जीवनसत्त्व आणि वाटीभर सायट्रिक आम्ल या दोन गोष्टी आहेत. लिंबात पहिलं थोडं, दुसरं भरपूर.

खोपटकर
मग लिंबात फेसलेल्या मिरचीच्या लोणच्याला झणका येतो तो काय चमत्कार? खाल्लंय का कधी, की नुसतंच वाचलंय?

नेरूळची बरणी
आवाज खाली ठेवा. येतो, पण फेसताना नाही. बरणीत दोन-तीन दिवसांनी, सावकाश. म्हणून घाईच्या कोशिंबिरीला ते चालत नाही.

खोपटकर
म्हणजे येतो! आणि पाण्यात फेसलेली मोहरी नुसती ठेवली तर चार-सहा तासांत कशी मिळमिळीत होते तेही सांगा ना. आंबटात तो झणका टिकतो. पाव किलो मिरच्यांना ५० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम मीठ, पाच-सहा लिंबांचा रस. डाळ रसातच फेसायची, मिरच्या कोरड्या पुसलेल्या, वर गार केलेली हिंग-हळदीची फोडणी. दोन दिवस थांबायची तयारी नसेल त्याने काकडीच खावी.

ऐरोलीतून बांधावरून
लिंबू-पाण्यावर भांडताय, पण मोहरी कुठली खाताय याचा पत्ता आहे का कोणाला? डीएमएच-११ या जनुक बदललेल्या (जीएम) मोहरीच्या वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये जीईएसीने, म्हणजे केंद्राच्या जीएम पिकांवरच्या समितीने, पर्यावरणात सोडायला मंजुरी दिली, जुलै २०२४ मध्ये त्या मंजुरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. उद्या बरणीत तेच येणार. शिवाय तेलात भेसळ. १९९८ ची दिल्ली विसरलात? मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल निघालं, सूज येऊन माणसं गेली.

कोपरी कॉर्नर
डीएमएच-११ साठी वेगळा धागा काढा, दर वेळी लसणाच्या चर्चेतही तेच आणता. भेसळीचं मात्र कामाचं आहे. पिवळ्या धोतऱ्याचं बी जास्त काळं, खरखरीत, जाळीदार असतं, मोहरी गुळगुळीत. नखाने चिरडा: मोहरी आतून पिवळी, धोतरा पांढरा. वाशीच्या मसाला मार्केटातून पाच-दहा किलो एकत्र घेणाऱ्यांनी मूठभर ताटलीत पसरून बघावी. आणि मोहरीच्या तेलात दुसरं खाद्यतेल मिसळून विकायला २०२१ पासून बंदी आहे, तेव्हा लेबलावर मिश्रण लिहिलेलं असेल तर बाटली परत ठेवा.

काढेवाले वाशी
तेलाचा विषय निघालाच आहे तर, बाळाला मोहरीच्या तेलाने मालिश, ती तरी मान्य आहे का साहेबांना?

घंटाळीकर
मोठ्यांचे गुडघे चोळा, हवं तितकं. तान्ह्याला नको. उंदरांवरच्या प्रयोगात मोहरीच्या तेलाने दुखावलेली त्वचा सावरायला जास्त वेळ लागला, आणि नवजात बाळाची त्वचा आधीच नाजूक. खोबरेल असताना हा हट्ट कशाला?

काढेवाले वाशी
खोबरेल चालेल. हे तुमच्या उंदरांमुळे नाही, कोकणात तेच वापरतात म्हणून.

खोपटकर
माझं उत्तर राहिलं. झणका टिकतो की नाही?

नेरूळची बरणी
टिकतो हो, टिकतो. म्हणूनच मी लिंबू मागाहून घालते, झणका तयार झाल्यावर. तुम्हीही लोणच्याला तसंच करून बघा: ५० ग्रॅम डाळीला चार चमचे उकळून गार केलेलं पाणी, दहा मिनिटं झाकून, मग सगळा रस. एवढ्या मिठात आणि आंबटात चार चमचे पाण्याने काही बिघडत नाही. वाट बघावी लागत नाही आणि टिकतंही.

खोपटकर
लोणच्यात पाणी! नाव बदला, 'नेरूळची आमटी' ठेवा. कोशिंबिरीला पाणी चालेल, तेवढं सोडतो. लोणच्याला नाही.

पाचपाखाडी नवीन
मधेच विचारते. मिक्सरमध्ये डाळ वाटली की फेसच येत नाही आणि भयंकर कडू लागते. पाणी आणि लिंबू दोन्ही करून झालं.

नेरूळची बरणी
भांडं गरम होतंय. छोटं भांडं आधी फ्रिजमध्ये ठेवा, दोन-दोन सेकंद फिरवून थांबा, पाणी फ्रिजमधलं घ्या. थोडा कडवटपणा सुरुवातीला असतोच, तासाभराने उतरतो.

खोपटकर
आणि दुकानातली डाळ पिवळीधमक बघून घेऊ नका. पिवळ्या मोहरीचा झणका जिभेपुरता, नाकापर्यंत जात नाही. बारीक काळपट राई घरी भरडून पाखडून घ्या. मिक्सर चालेल, पण थांबत थांबत, ताई म्हणतात तसंच.